बाबांचा डावा हात

जर्मनीला निघायच्या दिवशी बाबांनी माझ्या हातावर लगेच दही ठेवलं नाही. चमचा तसाच हवेत धरून ते उंबऱ्यात उभे राहिले, कारण मी डावा हात पुढे केला होता. "उजवा दे वं बाई. जन्मभर सांगून राहिलो." मी हसून हात बदलला, दही खाल्लं आणि ऑटोत बसले. आई त्याआधीच वारली होती. कामठीच्या घरी मागे राहिले बाबा, आणि शेजारच्या शांताकाकू. त्याला बारा वर्षं झाली.

मी जन्मजात डावखुरी. बाबा पॉवरलूमवरून दमून यायचे, पण जेवताना माझा डावा हात ताटाकडे वळला की त्यावर टपली बसायचीच. त्यांच्या लेखी डावा हात धुण्यापुसण्याचा. अन्नाला तो लावणं म्हणजे अन्नाचा अपमान. जर्मनीत आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात डाव्या हातानं जेवले. ऑफिसात तर डावखुऱ्यांची वेगळी कात्रीसुद्धा मिळाली. घर सोडून गेलेल्या तुम्हीही अशी एखादी सूट घेतलीच असेल. मी मात्र व्हिडिओ कॉलवर ताट कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवायचे.

मागच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन आठवड्यांची रजा काढून मी पोचले, तेव्हा दवाखान्यात शांताकाकू त्यांना मुगाची खिचडी भरवत होत्या आणि ते खात होते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तर आज स्वतःची इतकी चीड येते.

"घरीच राहू दे वं पोरी, मी चारीन त्याईले," काकू म्हणाल्या. पण काकू सत्तरीच्या. बाबांना उचलणार कोण, कूस कोण बदलणार? त्यांना जर्मनीला नेणं कागदोपत्री जमण्यासारखं नव्हतं. मी शहरात रामदासपेठेतलं एक शुश्रूषा केंद्र निवडलं. चोवीस तास नर्स, रोज फिजिओथेरपी. चादरी पाहिल्या, लिफ्ट पाहिली, बाथरूममधले दांडे हलवून पाहिले. बाबा कोणाच्या हातचं खातील, हा प्रश्न मला पडलाच नाही.

तिथे बाबांनी तोंड मिटलं. नर्सनं चमचा पुढे केला की मान फिरवायचे, माझ्या हातूनही खाईनात. डाव्या हातात चमचा दिला की शांतपणे ताटाशेजारी ठेवून द्यायचे. "गिळता येते त्याईले, पण जेऊनच नाही राहिले ताई. असंच चाललं तर नाकातून नळी टाका लागन," नर्स म्हणाली. मी काकूंना फोन केला, तर बाबा शेजारी नाहीत म्हटल्यावर काकूंचा मुलगा त्यांना मौद्याला आपल्या घरी घेऊन गेला होता. तरी त्या एक दिवस आल्या. बाबांनी त्यांच्या हातचे चार घास खाल्ले. मौद्याहून रोज येणं त्यांना शक्य नव्हतं.

शेवटी मी बाबांसमोर ताट घेऊन बसले आणि इतकी वर्षं लपवलेलं उघड केलं. डाव्या हातानं वरणभात कालवून खाऊ लागले. बघा बाबा, काही बिघडत नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. मला वाटलं, घास घेणार. तो माझ्या हातावर येऊन आदळला आणि घास खाली पडला.

नर्सनं टाळ्या वाजवल्या. "पाहा ताई, हात चालून राहिला!" मी मोठ्यानं रडले.

माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी नळी बसली. निरोप घेताना मी त्यांच्यापुढे न चुकता उजवा हात धरला. त्यावर ठेवायला तिथे कोणाकडे काही नव्हतं.

कामठीच्या घराला आता कुलूप आहे. पण घर म्हटलं की मला ते दार आठवत नाही, ती टपली आठवते. मी इथे दुपारी जेवायला बसते, तेव्हा नर्स बाबांसमोर फोन धरते. ताट आता कॅमेऱ्यासमोर असतं. मी उजव्या हातानं जेवते, शितं सांडतात. बाबा माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघत राहतात, आणि नळीतून त्यांचं जेवण चालू असतं.