वॉटर्लूला पोचलेला म्हातारा

वॉटर्लूची लढाई शिकवताना अख्खा वर्ग नेपोलियनच्या बाजूचा असायचा. मी मात्र प्रशियाच्या म्हाताऱ्या सेनापतीची. सत्तरी ओलांडलेला गडी! आधीच्या लढाईत हरला. गोळी लागलेला घोडा अंगावर कोसळला आणि हा खाली अडकला. शत्रूचे घोडेस्वार शेजारून निघून गेले, कुणाला पत्ता नाही. नेपोलियनला वाटलं, संपला हा. पण या बाबानं ठेचलेल्या अंगाला लसणाचं औषध चोळलं आणि पुन्हा घोड्यावर बसला. चिखलात तोफा रुतताहेत आणि हा सैनिकांना विनवतोय, इंग्रज सेनापतीला येतो म्हणून शब्द दिलाय, मला खोटं पाडू नका. दिवस कलताना पोचला आणि लढाई फिरली. हे सांगताना माझा आवाज इतका चढायचा की शेजारच्या वर्गातून निरोप यायचा, बाई, जरा हळू.

निवृत्तीनंतर त्याची आठवण आली ती न्हाणीघरात आपटल्यावर. हाड शाबूत राहिलं, पण कंबर काळीनिळी. डॉक्टर म्हणाले, पडून राहा. आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या बहिणीच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन! मोडनिंबहून तिला आणून इथं सोलापुरात दाखल केलं होतं. एकटीनं रान राखणारी बाई, पण ऑपरेशनला लई भ्यायली होती. "अक्का आल्याबिगर मी आत जाणार न्हाय," असं तिनं डॉक्टरांनाच बजावलं होतं. येते म्हणून मी कबूल केलं होतं. मी पडल्याचं तिला कुणी कळवायचं नाही, असा घरात दम भरला.

सकाळी उठायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. सून दारात आडवी उभी. "आई, तुम्ही कुठंही जायचं नाही."

"बाजूला हो, नाहीतर रांगत जाईन," म्हटलं.

ती रडकुंडीला आली, पण रिक्षा तिनंच बोलावली आणि कंबरेला तेलही तिनंच चोळलं. गुणाची पोर आहे, मी तोंडावर म्हणत नाही एवढंच. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

दवाखान्यात स्ट्रेचर तयार होतं, डॉक्टर ताटकळले होते आणि बहीण पलंगाचा कठडा घट्ट धरून बसली होती. धीर द्यायला मी चांगली दोन वाक्यं जुळवून आणली होती. पण वॉकर टेकत मी आत शिरले आणि ती बघतच राहिली.

"अगं अक्का, काय झालं तुला?"

"पडले."

"आन् अशी आलीस? डोस्कं फिरलंय व्हय तुजं?" कठडा सोडून ती आपल्या मुलावर खेकसली, "खुर्ची दे की तिला! पाठीला उशी लाव."

मला बसवलं, माझा पदर सारखा केला. मग आपली आपणच स्ट्रेचरवर चढली आणि बोट रोखून म्हणाली, "मी येस्तवर हितनं हलायचं न्हाय." भीती कुठं गेली, देव जाणे. दार लागल्यावर मात्र मला धडकी भरली. तो सेनापती निदान फौज घेऊन गेला होता. मी नुसती दुखरी कंबर घेऊन आले होते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, आता काळजी नाही म्हणाले. संध्याकाळी मला आत सोडलं. ती अजून गुंगीत होती, ओठ तेवढे हलत होते. मला वाकता येईना, म्हणून नर्सनं कान लावला.

"आजी विचारतायत, अक्कानं काय खाल्लं का?"

सकाळपासून मी खरंच काही खाल्लं नव्हतं. वॉकर धरून तिथंच उभ्या उभ्या ढसाढसा रडले.