आपा मरत नाहीयेत

माझ्या सासूबाई, ओरिनकुल आपा, कारागांडाजवळच्या आमच्या खाणगावात बॉयलरघरातल्या पाइपांना एकोणीस वर्षं ऊब टिकवणारा लेप लावायच्या. अ‍ॅस्बेस्टॉसची पूड पोत्यातून ओतायची, पाणी घालून कणकेसारखी मळायची आणि उघड्या हातांनी थापायची. जेवणाच्या सुट्टीत या बाया तीच पूड एकमेकींवर उधळून बर्फ-बर्फ खेळायच्या.

अडुसष्टाव्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या घरी चढताना आपा दोनदा टेकायला लागल्या. मी ओढतच दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो पाहून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फुप्फुसाचं अस्तर जाड झालंय, त्यावर चुन्यासारखे चट्टे धरलेत, आणि हे त्या पुडीचंच काम आहे. कॅन्सर नाही. पण अस्तर पुन्हा पातळ होणार नाही, श्वास आखूडच राहील. दरवर्षी दाखवायला यायचं.

"म्हणजे पाइपांना लावला तसा लेप मला आतून लागला?" आपांनी विचारलं.

"साधारण तसंच."

"मग मला थंडी का वाजते?"

बाई हसू दाबत कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. बाहेर आल्यावर मात्र बाकावर बसून आपांनी गलियाचं नाव काढलं. त्यांच्या शेजारी उभी राहून लेप थापणारी गलिया दोन वर्षांपूर्वी गेली. तिला या पुडीनेच कॅन्सर झाला होता.

पुढचा घोळ आपांच्या नणंदेने, झिबाशने घातला. फोनवर तिने 'फुप्फुस' आणि 'अ‍ॅस्बेस्टॉस' एवढंच ऐकलं आणि बाकीचं पदरचं घालून गोतावळ्यात वाटलं. तीन दिवसांत घर भरलं. आपांचे थोरले दीर सेइतझान चारशे किलोमीटरवरून ट्रकमध्ये घोडी घालून आले. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात त्या जेवणाला कापावी लागेलच, तर आत्तापासून चारलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर आपांनी माझ्या पायावर पाय दिला. "थांब गं सूनबाई. एवढं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं."

दोन दिवस त्या उशीला टेकून चहा पीत कौतुक ऐकत होत्या. आपांच्या हातचं मांस कधी 'बरं झालंय' असंही न म्हणणारे दीर 'सोन्यासारखी बाई' म्हणून डोळे पुसत होते. शेवटी झिबाश आपांच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"वहिनी, माफ कर मला. तुझ्या लग्नात मीच म्हणाले होते, दादाने बायको नाही, उंटीण आणली."

"तू होतीस होय? मी पंचेचाळीस वर्षं तुझ्या मावशीशी धड बोलले नाही." आपांनी पेला खाली ठेवला. "आता रडून झालं असेल तर ऐका. मी मरत नाहीये. मला फक्त धाप लागते."

सेइतझान खरंच दुखावले. मग घोडीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरात नातवाचं लग्न आहे," आपा म्हणाल्या. "मुहूर्त तिचा काढा, माझा राहू द्या."

त्या लग्नात नवरीच्या चेहऱ्यावरचा पडदा दूर करतानाचं गाणं आपांनीच म्हटलं. यात एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन चिमटा काढायचा आणि नवरीने त्याला वाकून नमस्कार करायचा. पूर्वी आपा चार ओळी एका दमात म्हणत. आता "सेइतझान आजोबा, मोठ्या मनाचे" एवढं म्हणून थांबल्या. नवरी अर्धी वाकलेली, डोंबऱ्याच्या दोन तारा छेडणारा माझ्या नवऱ्याचा हात अधांतरी, सगळे आपांच्या तोंडाकडे बघतायत. श्वास भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावजय मरायच्या आधी तिचं जेवण पोचवतात!" सेइतझान सगळ्यांत जास्त हसले. आपांनी उजवी बरगडी दाबून धरलेली मला दिसत होती. सातव्या नावाला त्या खाली बसल्या आणि उरलेल्यांनी आपापली नावं स्वतःच गावीत, असं जाहीर केलं.

यंदाच्या फोटोत चट्टे होते तेवढेच आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही एक स्टूल ठेवलंय. तिथे बसलं की वरखालच्या सगळ्या घरांतली भांडणं ऐकू येतात. आपा वर पोचेपर्यंत त्यातली दोन मिटवलेली असतात आणि एक लावून दिलेलं असतं.