गोळी डाक्टरची, आठवण माझी

"पत्ता दाखव," बाई म्हणायच्या आणि शेजारच्या पलंगाकडे तळहात पसरायच्या.

नवा पेशंट गोंधळायचा. लकडगंजच्या एका लाकडाच्या वखारवाल्याने तर पहिल्या दिवशी मुकाट्याने घरची गल्लीसुद्धा सांगितली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "राहायचा नाही गा. गोळ्यांचा पत्ता. रिकामा."

मी नागपुरात एका डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे. बाई आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी यायच्या. निवृत्त अंगणवाडी सेविका. सगळे त्यांना बाईच म्हणत. तुम्ही कधी अशा विभागात बसला असाल, तर तिथली शांतता तुम्हाला ठाऊक असेल. चार तास माणसं छताकडे बघत पडून असतात. बाई मात्र डाव्या हाताला मशीनच्या दोन सुया टोचलेल्या असताना उजवा हात पुढे करून सगळ्यांची चौकशी करायच्या. कोणती गोळी कधी, हे त्या कधीच सांगत नसत. "गोळी डाक्टरची, आठवण माझी," एवढाच त्यांचा कायदा.

वखारवाल्याचं वय बेचाळीस. अंगाने दणकट, बोलण्यात तुसडा. "तीन दिवस मशीन रक्त साफ करून राहिली, मंग गोळ्या काहून?" असं त्याने मला दोनदा विचारलं. मशीन दर वेळी चारच तास चालते, बाकीचा आठवडा शरीरालाच काढायचा असतो, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी अर्धा भरलेला पत्ता घेऊन यायचा.

एका शुक्रवारी डायलिसिस चालू असतानाच त्याचं बीपी एकदम चढलं. डोकं धरून तो ओकू लागला. डॉक्टर धावत आले. अर्ध्या तासाने तो सावरला. बीपीची गोळी त्याने पाच दिवस घेतलीच नव्हती.

बाई शेजारून हळूच म्हणाल्या, "विसरला नाही तू. खरं सांग."

मग त्याने सांगितलं. वखारीत चार कामगार. सगळे एकत्र जेवायला बसतात. तिथे गोळ्या काढल्या तर आजार कळेल. "आजारी मालकाचं कोण ऐकते, बाई? आरा मशीनवर लाकूड कापतात ते. धाक पाहिजे." दुपारच्या गोळीची लाज वाटू लागली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्याही सुटत गेल्या.

शनिवारी दुपारी डबा घेऊन बाई लकडगंजला गेल्या. पायांत जोर नव्हता, म्हणून वखारीच्या दारात आधी लाकडाच्या ओंडक्यावर बसून दम खाल्ला. मग वखारवाल्याकडे बोट दाखवत कामगारांना म्हणाल्या, "मी याची मावशी. जेवू द्याल का तुमच्यासोबत?"

चार घास झाल्यावर त्यांनी पिशवीतून गोळी काढली. "मले किडनीचा आजार हाय. ही जेवणासोबतच घ्या लागते, मंग तिचा उपयोग होते." त्यांनी गोळी घेतली आणि पुन्हा जेवू लागल्या. वखारवाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्यात म्हातारा कामगार म्हणाला, "आमच्या मालकाचं तोंडही सकाळी तुमच्यासारखंच सुजलेलं राह्यते."

वखारवाला उठला. गल्ल्यामागे लपवलेला पत्ता घेऊन आला आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. सोमवारी हे त्यानेच मला सांगितलं. "म्हातारा आता रोज जेवताना विचारते, मालक, गोळी?" हे सांगताना त्याला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बाई त्यानंतरही सहा आठवडे डायलिसिस नसलेल्या दिवशी तिथे जेवायला जात राहिल्या. पायांत जोर नसताना एवढी दगदग कशाला, म्हणून मी रागावलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, लेकराले पोलिओचा एक डोस पाजून सोडून देत नाही. पुढच्या डोसालेही घरी जा लागते."

पण एका बुधवारी त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. तोंड भिंतीकडे. मीच म्हणालो, "बाई, आज तुमचा पत्ता?"

त्यांनी पिशवी पुढे केली. पत्ता पूर्ण भरलेला होता.

"थकली मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले सांगते. लेक सासरी. घरी गेल्यावर मले सांगाले कोणी नाही."

शेजारच्या पलंगावरून वखारवाला म्हणाला, "मी फोन करीन. तुमचं जेवण झालं की नाही, गोळी घेतली की नाही, दोन्ही विचारीन. दोन्ही टाइम."

"तुले काम नाही का?"

"आहे. तरी करीन."

आणि त्याने केला. वर्षभर, एक दिवस न चुकवता. ते वर्ष बाईंनी चांगलं काढलं. नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गेल्या, दीक्षाभूमीला जाऊन आल्या.

मग एका रविवारी त्यांचं हृदय थांबलं. गोळ्या चुकल्या नव्हत्या. कधी कधी सगळं नीट करूनही शरीर थकतं, आणि हे मी कोणापासून लपवत नाही.

सोमवारी वखारवाला आला तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. त्याला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. त्याने रोजच्यासारखा केलेला फोन बाईंच्या मुलीने उचलला होता. तो वजन करून आला, पलंगावर टेकला. डोळे लाल होते.

"आज नको वाटत असेल तर थोडं थांबून सुरू करू," मी म्हणालो.

त्याने शर्टाची बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे सरळ केला.

"लावा सुया," तो म्हणाला. "पूर्ण चार तास."