नुसतं ‘अपडेट’

द्राक्षांच्या पेट्यांचा ओलसर गोड वास आला की दिंडोरीचं ते पॅकहाऊस आठवतं. तिथे पेट्यांवर लेबलं छापणारं सॉफ्टवेअर आमचं होतं. त्यात वापरलेलं एक पॅकेज, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, मी नव्या आवृत्तीवर नेलं. या आवृत्तीत तारखेत महिना आधी येतो, हे मी वाचलंही होतं. पण आपल्याला काय फरक पडणार, असं म्हणत काय बदललं आणि का, हे नोंदवायच्या कमिट मेसेजमध्ये नेहमीसारखं नुसतं ‘अपडेट’ लिहिलं आणि येवल्याला लग्नाला गेलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्यांवर चुकीच्या तारखा छापल्या गेल्या. माझी सीनियर तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून चूक शोधायला माझे एकसारखे ‘अपडेट’ एकेक करून उघडत राहिली. पॅकिंगच्या बाया हातावर हात ठेवून बसल्या, माल मऊ पडत गेला आणि कंटेनर रिकामाच परतला. मी आल्यावर तिने शांतपणे विचारलं, “तारीख बदलते, हे तुला माहीत होतं का रे?” “नाही मॅडम,” मी म्हणालो. “मग तुझा काय दोष? मीच तपासायला हवं होतं,” असं म्हणून ती मालकांची बोलणी खायला एकटीच आत गेली. आता मी प्रत्येक बदलाचं कारण नीट लिहितो. तिचा नंबर आजही माझ्याकडे आहे. खरं मात्र अजून सांगितलेलं नाही.