बबनदादा ओली भेंडी घेत नसत

टेंपोत चढवण्याआधी बबनदादा प्रत्येक क्रेटमध्ये तळापर्यंत हात घालत. भेंडी ओली किंवा गरम लागली, की क्रेट खाली. "वली भेंडी वाशीपातूर काळी पडते. गाडी माझी हाय, पन नाव तुमचं जातंय," म्हणत.

कळंबच्या आमच्या भेंडी उत्पादक गटाचा मी सचिव. परदेशी माल पाठवणारा वाशीचा एकच खरेदीदार, आणि त्याच्यावर आमची एकवीस घरं. भेंडी ताजी दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारायची आमची जुनी खोड. दादा असे क्रेट सावलीत पसरायला लावत आणि सुकेपर्यंत थांबत. गाडी उशिरा निघे, लोक चिडत. "टेंपोवाला हायेस का तपासनीस?" असं कुणी विचारलं, तर दादा म्हणत, "पोरगी बघायला आलोय समज रं. आत्ताच नीट बघून घेतलेलं बरं, मागनं बोलनी नकोत."

खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या एका वाहतूक कंपनीने कमी दर दिला. मी रीतसर तक्ता केला: दर, वेळ, विमा, तक्रारी. दादांच्या नावावर महिन्याभरात चौदा तक्रारी होत्या, सगळ्या आमच्याच लोकांच्या, त्यांनी खाली उतरवलेल्या क्रेटबद्दल. कंपनीचा रकाना कोरा. ठराव एकमताने झाला. दादांना सांगायला मीच गेलो.

"त्यांचा मानूस हात घालनार का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"करारात लिहून घेऊ," मी म्हणालो. लिहून घेतलं नाही.

कंपनीने आमचं काम परस्पर एका टेंपोवाल्याला देऊन टाकलं. तो माल न बघता चढवायचा, म्हणून आम्हाला बरंच वाटलं. एका दुपारी दुसऱ्याचा माल घ्यायला तो चार तास शिळफाट्यावर थांबला. बंद गाडीत आमचे एकशे चाळीस क्रेट तापले आणि काळे पडले. विमा अपघाताचा होता, नासाडीचा नव्हता. खरेदीदाराने फोनवर दोन वाक्यांत आमचं काम बंद केलं.

मी दहिवलीला दादांच्या घरी गेलो. टेंपो त्यांनी विकला होता, एका रिसॉर्टच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसत होते. कंपनीच्या ड्रायव्हरला शिव्या घालत मी झालेलं सगळं सांगितलं.

"वली व्हती?"

"हो."

"कुनाची?"

"सगळ्यांचीच. माझीही."

"मग त्या ड्रायवरला कशाला शिव्या देताय?"

गेल्या वर्षी दादा गेले. गट त्याआधीच मोडला होता. तो तक्ता आणि त्याला जोडलेल्या चौदा तक्रारी माझ्या फायलीत आहेत. त्यांतल्या पाचांवर माझी सही आहे.