कथेआधीचा सत्कार

माझी पहिली कथा छापून यायच्या आधीच तिच्याबद्दल माझा सत्कार झाला. हे भाग्य मला लाभलं ते पप्पांमुळे, आणि त्यासाठी मी पुढे बरेच दिवस त्यांच्यावर चिडून होते.

पप्पा कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून निवृत्त झाले. गाडी यार्डातच टायर बदलत उभी असली, तरी समोरच्या पार्टीला फोनवर "निघाली, खालापूर सोडलं" असं सांगायचं आणि मग ड्रायव्हरच्या मागे लागून ते खरं करून दाखवायचं, ही त्या धंद्यातली रीत. पप्पांच्या ती अंगात मुरली होती. एका दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा मला फोन आला, एवढंच त्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझी कथा यंदाच्या अंकात येत असल्याचं जाहीर झालं. आई म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तिला हे नवीन नव्हतं.

बाईंनी फोन केला होता तो कथा परत करायला. कथा पप्पांवरच होती. तिच्यातला बाप कधी खोटं बोलत नसे, कुणावर ओरडत नसे आणि शेवटच्या पानावर शांतपणे मरत असे. बाई म्हणाल्या, "इतका चांगला माणूस मी तरी पाहिला नाही. आणि त्याला मारलात, कारण तुम्हाला कथा संपवायचा कंटाळा आला होता. मारू नका. पुन्हा लिहा, यंदा नाही जमलं तरी चालेल."

हे मी घरी सांगेपर्यंत सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर माझं नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. सेक्रेटरीकाका इथल्याच गावचे, मोठ्या मनाचे. माईकवर म्हणाले, "आपल्या बिल्डिंगमधी लेखिका हाय, ही आपली शान हाय." पप्पा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी खरं काय ते सांगितलं. पप्पांनी तो नारळ उचलला आणि कपाटावर ठेवला. "छापून आली की फोडू," एवढंच म्हणाले.

दिवाळी आली, अंक आला, त्यात मी नव्हते. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, जो तो विचारायचा. पप्पांना खोटं सांगता आलं असतं, पण ते म्हणायचे, "परत लिहायला घेतलीय तिनं. वेळ लागणार." माणसं हसायची. पप्पांना ते दिसत होतं आणि मला पप्पा दिसत होते. माझा राग तिथेच उतरला.

माझ्या महाप्याच्या कंपनीची बस यायच्या आधी, सकाळी डायनिंग टेबलावर मी लिहायची. जुनी कथा दुरुस्त करायला गेले की तोच साधुपुरुष पुन्हा उठून बसायचा. शेवटी ती बाजूला ठेवली आणि कोऱ्या पानावर यार्डातली गाडी लिहिली, फोनवरचं खालापूर लिहिलं, स्टेजसमोरचे ओले डोळे लिहिले. बाईंनी तीही परत केली. बाप आता जमला, म्हणाल्या, पण मुलगी स्वतःला फार शहाणी समजते. खरं सांगायचं तर मी रडले. मग पुन्हा लिहायला बसले. मधल्या काळात आईनं चटणीसाठी तो नारळ अनेकदा मागितला. पप्पांनी हात लावू दिला नाही. अधूनमधून कानाशी नेऊन हलवायचे. पाणी आटलं आणि आत गोटा खुळखुळायला लागला.

पुढच्या दिवाळीत माझी कथा असलेला अंक घरी आला, तेव्हा आई करंज्यांच्या तयारीत होती. पप्पांनी नारळ स्वतः फोडून तिच्या हातात दिला आणि अंक घेऊन गॅलरीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. अंकात त्यांचं सगळं खोटं छापलेलं होतं, आणि ते हजार घरांत जाणार होतं. सोसायटीतसुद्धा. ते दुखावले तर त्या कथेचं मी काय करणार होते?

वाचून झालं. चष्मा काढून ते बाहेर बघत बसले.

"मी असा आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आई खोबरं किसत होती. तिनं आतूनच सांगितलं, की आता टाका एकदाचं ग्रुपवर, वर्षभर लोक विचारतायत.

पप्पांनी फोनकडे पाहिलंही नाही. चष्मा पुन्हा लावला आणि पान मागे उलटलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "आधी परत एकदा वाचू दे."