सिकलागचा ठिपका

चौसाळ्यात दानियेलकाका कुणालाही भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: “दिवसात किती चालतो बे तू?” बायकांना विचारताना ‘बे’ गाळत, एवढंच.

आयुष्यभर शेतांची मोजणी केलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या पिठाच्या गिरणीसमोरच्या प्रार्थनामंदिरात, भिंतीवर बायबलमधल्या गावांचा भलामोठा नकाशा रंगवला. एकच गाव राहिलं, सिकलाग. राजा होण्याआधी दावीद तिथं राहायचा. ते नेमकं कुठं, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. “भांडू दे त्यांना,” काका म्हणत, “हद्द चालून ठरते, बोलून न्हाई.” नाताळला तिथं ठिपका दिसेल, असा शब्द त्यांनी मंडळींना दिला होता.

शास्त्रात आहे की दावीद आणि त्याची माणसं अफेकहून निघून तिसऱ्या दिवशी सिकलागला पोहोचली. अफेक नकाशावर होतंच. प्रश्न एवढाच, माणूस दिवसात चालतो किती? म्हणून अडुसष्टाव्या वर्षी काका पहाटे निघून बीडला चालत गेले. पाय सुजवून एसटीनं परतले, हिशेब मांडला आणि नकाशातल्या एका टेकाडावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत ते हेच ऐकवत होते. दर साल बैलगाडीनं ऊसतोडीला जाणारी सखूबाई बाजरी दळायला आली होती. ती म्हणाली, “मामा, तो दावीद घरून निघालता का घरी चाललता?”

“घरी. बायकापोरं तिथंच होती की.”

“मग तुमी उलटं मोजलं! कारखान्याला जाताना बैलं रेंगाळत्यात. येताना कासरा ढिला सोडला तरी एक मुक्काम कमी लागतो. आन तुमी तर येताना एसटीत बसले!”

सगळे हसले. काका तडक टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन निघाले.

“अहो, नाताळ चार दिवसांवर आलाय,” मी म्हटलं. “तिथं बघायला कोण जाणार आहे?”

“ताई, चुकीची खूण रोवली की दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. लई पाह्यलंय मी.”

नाताळला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “गाव सापडलं न्हाई. चूक सखूबाईनं काढली.” आणि “असंल ते ह्याच्या आत कुठंतरी,” म्हणत नकाशावर पेन्सिलीनं भाकरीएवढं वर्तुळ काढलं.

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. गाडीत मी शेजारी होते. चौसाळा दिसताच त्यांनी विचारलं, “किती वेळ लागला?”

मी सांगितला.

“आन जाताना?”

“दहा मिनिटं जास्त.”

“सखूबाईला सांग, तिची मोजणी बरोबर हाय.”

त्याच आठवड्यात ते गेले. निरोप मी पोहोचवला. वर्तुळ अजून पेन्सिलीचंच आहे. कुणी रंगाचा डबा घेऊन तिथं गेलं, की मी गिरणीतूनच विचारते, “चालून आलात का?”